पाते, पिन आणि खाचर

हिवाळ्यात जेथे हिम साचते अशा मुलखांत घरापुढची वाट मोकळी करण्यासाठी बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरच्या तोंडाशी लोखंडी पाते बांधण्याची वहिवाट आहे, आणि न्यू जर्सीला किंवा टोरांटोला जाऊन राहिलेल्या भाच्या-पुतण्यांनी पाठवलेल्या छायाचित्रांमुळे ते दृश्य आता कर्जतच्या ओट्यावर बसणाऱ्यालाही नवलाचे राहिलेले नाही. आमच्याकडे हिम नाही. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक कोसळणारा पाऊस आहे, त्या पावसाने वाहून आणलेला गाळ आहे, उताराला पायऱ्या पाडून केलेली भातखाचरे आहेत, आणि त्या खाचरांत अलीकडे फिरू लागलेला पंधरा-वीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आहे. त्यामुळे ढकलावयाचा पदार्थ बदलला तरी लहान यंत्राला पाते जोडावे की नाही, जोडल्यास पुढे की मागे, आणि त्याच्याकडून काम कोणते घ्यावे, हा प्रश्न कर्जत-खालापुरातही रोजच्या बोलण्यातला झाला आहे. चहाच्या टपरीवर त्याचा निकाल चुटकीसरशी लागतो. ज्याने पुढे ‘डोझर’ बसवला तो डोझरची शिफारस करतो, ज्याने मागे ‘लेव्हलर’ घेतला तो लेव्हलरची, आणि ज्याने दोन्ही घेतले तो गप्प बसतो. ह्या गप्प बसणाऱ्यांत प्रस्तुत लेखकाचीही गणना असल्याने, पदरचे पैसे देऊन मिळालेले थोडे ज्ञान आणि इतरांकडून फुकट मिळालेले बरेचसे, असे दोन्ही एकत्र मांडून ह्या प्रश्नाचा साकल्याने विचार करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

पाते ही चीज ट्रॅक्टरबरोबर आली असा एक समज आहे, तो खरा नव्हे. ट्रॅक्टरचे नावही ठाऊक नव्हते त्या काळापासून महाराष्ट्रात शेत सपाट करण्यासाठी केणी वापरीत. सुपाच्या घाटाचे, लाकडी फळ्यांचे, पुढच्या ओठाला लोखंडी पट्टी ठोकलेले हे अवजार बैल ओढीत आणि मागे चालणारा गडी त्याची मूठ धरी. मूठ किंचित उचलली की ओठ मातीत शिरून केणी भरे, मूठ दाबली की ओठ वर येऊन भरलेली माती जागची हलू लागे, आणि खड्ड्यावर येताच मूठ साफ वर फेकली की केणी पालथी होऊन रिकामी होई. किती खोल जावे, किती भार घ्यावा, कोठे सोडावा, हा सारा हिशेब त्या गड्याच्या मनगटात असे. बैलांची ताकद संपत आल्याची वर्दी दोराच्या ताणातून त्याला आपोआप मिळे आणि तो मूठ दाबून त्यांना हलके करी. पुढे यंत्रशास्त्राने ज्या दोन गोष्टींसाठी पेटंटे घेतली त्या ह्याच होत: अवजाराची उंची राखणे आणि ओढीचा भार ओळखणे.

सरकारदरबारी ह्या कामाला बांधबंदिस्ती हे भारदस्त नाव होते. १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याने त्यासाठी तगाई मिळू लागली, १९४२ साली मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा स्वतंत्र कायदा झाला, आणि स्वातंत्र्याच्या साली, १९४७ मध्ये, केंद्र सरकारने स्थापन केलेल्या ट्रॅक्टर संघटनेने महायुद्धातून उरलेली अमेरिकन यंत्रे मध्य व उत्तर हिंदुस्थानातल्या कांस गवताने ग्रासलेल्या जमिनींवर घातली. त्या धुडांचा कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडच्या, खाचरांना उपयोग होणे शक्यच नव्हते. दोन गुंठ्यांचे खाचर, त्याच्या खाली हातभर उतरून दुसरे, मधला बांध एका माणसाला चालता येईल इतका. तेथे बैलही वळवताना जपावे लागत, मग साखळीपट्ट्यांच्या यंत्राची काय कथा.

छोट्या ट्रॅक्टरला अवजार जोडण्याचा शास्त्रशुद्ध मार्ग ज्याने दाखवला तो हॅरी फर्ग्युसन हा उत्तर आयर्लंडचा यंत्रज्ञ. त्याच्या आधी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता साखळीने ओढला जाई, आणि नांगर खडकाला अडला की इंजिन थांबण्याऐवजी ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाऊन तो चालकाच्या अंगावर उलटे. १९२६ साली पेटंट मिळालेल्या फर्ग्युसनच्या रचनेत अवजार तीन ठिकाणी धरले जाते: खाली दोन बाहू, जे ओढतात, आणि वर एक बाहू, ज्याला आमचे चालक ‘टॉपलिंग’ म्हणतात. अवजाराला मातीचा रोध झाला की ते वरच्या बाजूने पुढे कलंडू पाहते, टॉपलिंग दाबले जाते, आणि तो दाब ट्रॅक्टरला उलटवण्याऐवजी त्याचे तोंड खाली धरून ठेवतो. शिवाय त्याच दाबाच्या इशाऱ्यावर हायड्रोलिक अवजाराला केसभर उचलते. केणीवाल्याच्या मनगटाचे काम आता तेल करू लागले. १९३८ साली हेन्री फोर्डशी केवळ हस्तांदोलनावर झालेल्या कराराने ही रचना अमेरिकेत गेली, १९४६ ते १९५६ पर्यंत कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून निघालेल्या लहान करड्या फर्ग्युसन ट्रॅक्टरने ती जगभर पोहोचवली, आणि आज कर्जतच्या बाजारपेठेत उभ्या असलेल्या कोणत्याही चारचाकी ट्रॅक्टरच्या मागे ती तशीच्या तशी पाहावयास मिळते.

आपल्याकडे ट्रॅक्टरचा कारखाना आयशरने १९५९ साली फरीदाबादला काढला, आणि १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर ह्या अमेरिकन कंपनीच्या भागीदारीत मुंबईत ट्रॅक्टर बांधण्यास प्रारंभ केला. गंमत अशी की, हीच इंटरनॅशनल हार्वेस्टर त्याच सुमारास अमेरिकेत ‘कब कॅडेट’ नावाचा बागेचा ट्रॅक्टर विकू लागली होती, आणि १९६३ सालीच जॉन डीअरनेही आपला ११० क्रमांकाचा बागेचा ट्रॅक्टर बाजारात आणला. एकाच कंपनीच्या एका हाताने अमेरिकेच्या अंगणातले हिम ढकलणारे खेळण्यासारखे यंत्र घडवले आणि दुसऱ्या हाताने हिंदुस्थानच्या काळ्या रानासाठी मोठे. आमच्या कोकणाला ह्या दोहोंच्या मधले काहीतरी हवे होते, ते जपानकडून यावे लागले. दोन चाकांचा, मागे चालत हाकावयाचा पॉवर टिलर हे भातखाचराचेच अपत्य. बंगळूरच्या व्हीएसटीने मित्सुबिशीच्या आणि केरळच्या कामकोने कुबोटाच्या सहकार्याने तो देशात बनवला, आणि बांध ओलांडणारे पहिले इंजिन म्हणून कर्जतच्या शेतकऱ्याला तोच भेटला. पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचे अरुंद चारचाकी ट्रॅक्टर त्याच्या मागून आले.

आता पात्याच्या मूळ प्रश्नाकडे येऊ, आणि तो आकड्यांनीच सोडवू, कारण टपरीवरच्या वादात नेमके आकडेच नसतात. सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंदीचे, अर्धा मीटर उंचीला थोडे कमी असे पाते घेतले, तर त्याच्यापुढे साचणाऱ्या ढिगाचे आकारमान साधारण अष्टमांश घनमीटर भरते. नुकतेच पडलेले कोरडे हिम घनमीटरला शंभर किलोंच्या आतच असते. म्हणजे हिमाच्या देशातला तो छोटा ट्रॅक्टर आपल्यापुढे दहा-बारा किलोंचा ढीग घेऊन चालतो. त्याच पात्यापुढे आमच्या खाचराची मोकळी माती आली तर तो ढीग पावणेदोनशे-दोनशे किलोंचा होतो, आणि ओली माती आली तर त्याहूनही अधिक. पाते तेच, पिना त्याच, चौकट तीच, आणि भार पंधरापट. परदेशातल्या नातलगाचे छायाचित्र पाहून येथे पात्याची मागणी नोंदवणाऱ्याची पहिली चूक येथे होते, आणि ती प्रस्तुत लेखकाने केलेली आहे.

दुसरी चूक अश्वशक्तीची. पंधरा अश्वशक्तीचे इंजिन ताशी तीन किलोमीटरांच्या संथ गतीने, वाटेतली सारी गळती वजा करता, चाकांपर्यंत सातआठशे किलोंची ओढ पोहोचवू शकते. पण चाकाला ती ओढ जमिनीवर टेकवता आली पाहिजे. अशा ट्रॅक्टरचे स्वतःचे वजनच सातआठशे किलोंच्या घरात; त्यातले मागच्या चाकांवर येते ते पाचशेच्या आसपास, आणि ओलसर मातीत रबरी टायरला आपल्यावरच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून फारशी पकड मिळत नाही. म्हणजे इंजिनात आहे आठशे, आणि जमीन देते दोनशेच्या आत. भार दीड-दोनशेंचा. चाक जागच्या जागी फिरते, चिखल मागे उडतो, चालक आणखी ॲक्सिलरेटर ओढतो आणि ट्रॅक्टर बसतो. ‘आणखी पाच एचपी जास्त घ्यायला हवे होते’ असे त्या वेळी सगळे म्हणतात, आणि ते सगळे चुकतात. तेथे एचपी नव्हे, वजन आणि पकड कमी पडलेली असते. हिमाच्या देशातले लोक ह्यासाठी मागे लोखंडी वजने लटकवतात आणि टायरला साखळ्या बांधतात. आमच्याकडचा तोडगा म्हणजे टायरमध्ये तीन-चतुर्थांश पाणी भरणे आणि चिखलात लोखंडी पिंजऱ्याची चाके लावणे. ही चाके घालून कोणी डांबरी रस्त्यावरून खडखडत जाऊ नये. रस्ता उकरला जातो, चाकांच्या पट्ट्या वाकतात, आणि ग्रामपंचायतीच्या पुढच्या सभेत आपले नाव निघते. ती ट्रॉलीत घालून न्यावीत आणि बांधावर बसवावीत.

पुढे लावावयाच्या पात्यात आणखी एक मेख आहे. ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल मधल्या एकाच पिनेवर डुलत असतो, जेणेकरून उंचसखल जमिनीत दोन्ही पुढची चाके टेकलेली राहावीत. ह्या ॲक्सलवर किंवा त्याच्या लगत कंस मारून पाते टांगले, तर ढकलण्याचा सारा आघात त्या एका पिनेवर जातो. बागेच्या ट्रॅक्टरचे चांगले हिमपाते पाहिले तर त्याच्या चौकटीचे दोन लांब दांडे ट्रॅक्टरच्या पोटाखालून मागच्या ॲक्सलपर्यंत गेलेले दिसतात, आणि धक्का तेथे, जेथे ओढ निर्माण होते तेथेच, पोहोचवला जातो. शिवाय पात्यामागे भक्कम स्प्रिंगा असतात. दडलेल्या दगडाला धार लागली की पाते पुढे लवते आणि दगड मागे पडल्यावर पुन्हा उभे राहते. आमच्या भागात एका कार्यशाळेने मला बसवून दिलेल्या डोझरला ना दांडे होते ना स्प्रिंगा. होते ते सुंदर निळा रंग आणि त्यावर पिवळ्या अक्षरांत देवीचे नाव. दुसऱ्याच दिवशी पाते कातळाला लागले. कर्जतच्या मातीखाली कातळ किती वर आहे हे शेतकऱ्याला ठाऊक असते, पण पात्याला ठाऊक नसते. मधली पिन वाकली, पुढची चाके एकमेकांशी अबोला धरल्यासारखी दोन दिशांना पाहू लागली, आणि दुरुस्तीचा खर्च डोझरच्या किमतीच्या जवळ गेला. ज्यांना सांगाड्यावर वेल्डिंग करून असे काही कायमचे बसवून घ्यावयाचे असेल त्यांनी मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याचे ५२ वे कलमही एकदा वाचून पाहावे. नोंदणीतल्या तपशिलांशी वाहन विसंगत होईल असा फेरफार करण्यास ते मनाई करते.

उरला मागचा लेव्हलर. तो फर्ग्युसनच्या तीन बाहूंवर बसतो, त्यामुळे धक्का कोठे जावा हा प्रश्न शतकापूर्वीच सुटलेला आहे. त्याला काढणे-घालणे दहा मिनिटांचे काम. आणि पाते आडवे, तिरपे किंवा उलटे फिरवता येते. तिरपे करण्याचा हिशेब सोपा आहे: तीस अंशांनी वळवलेले चार फुटी पाते साडेतीन फुटांहून थोडी कमीच वाट साफ करते, पण माती पुढे साचू न देता एका अंगाला सोडत जाते, म्हणून लहान यंत्राला ते झेपते. दोष एकच, पण मोठा. पाते मागच्या ॲक्सलच्या मागे टांगलेले असल्याने ट्रॅक्टरचे तोंड जिकडे जाईल त्याच्या उलट ते जाते. पुढची चाके वीतभर उंचवट्यावर चढली की मागचे पाते अर्ध्या वितीहून अधिक खाली रुतते, आणि पुढची चाके उतरली की ते हवेत उचलले जाते. नवशिक्याच्या हातून सपाट करावयाचे शेत लाटालाटांचे होते. ह्यावर उपाय सरावाचा. पुढचे चाक पाहून हात आधीच लिव्हरवर गेला पाहिजे, आणि माती एका दमात न घेता पातळ थरांनी घेतली पाहिजे.

हा लेव्हलर जोडताना एकदा पाहण्यासारखा असतो. मार्गशीर्षातली सकाळ, गवतावर दव, पाते बांधाच्या कडेला लाकडी ठोकळ्यावर टेकवून ठेवलेले. मी आपला मागे जाऊन दोन्ही बाहू एकदमच पिनांत घुसवण्याच्या खटपटीत. गाडीवरचा पोरगा खाली उतरला.

“काका, गडबड नको. आधी डावा.”

“का? उजव्याने काय घोडं मारलंय?”

“डाव्याला हलता येत नाही, काका. उजव्याला हा दांडा हाय ना फिरवायला. डावा बसला की उजवा जुळवून घेता येतो. टॉपलिंग शेवटी.”

एवढेच. डावा बाहू स्थिर, उजव्याची लांबी फिरकीने कमी-जास्त होते, म्हणून क्रम डावा, उजवा, मग वरचा. सोडताना नेमका उलटा. ही माहिती कंपनीच्या पुस्तकात चित्रासह दिलेली असते आणि पुस्तक आसनाखालच्या पिशवीत प्लास्टिकसकट असते. पोरग्याने डावा चेंडू पिनेवर सरकवला, टाळीएवढा आवाज झाला, मग लोखंडी टाचणी भोकात घालून तिचे कडे पालथे केले. उजव्याचा दांडा चार फेरे फिरवला. टॉपलिंग हाताने पिळत पिळत लांब केले आणि शेवटी बाजूच्या साखळ्या आवळल्या, पाते डावी-उजवीकडे डुलू नये म्हणून.

पण उजव्या बाजूची पिन टिकली नाही, आणि ह्या लेखाच्या शीर्षकातली पिन ती हीच. तीन बिंदूंच्या जोडणीचे वर्ग ठरलेले आहेत. वीस ते पंचेचाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचा पहिला वर्ग: खालच्या पिना २२ मिलिमीटर, वरची १९. त्याहून मोठ्या ट्रॅक्टरचा दुसरा वर्ग: खालच्या २८, वरची २५. अगदी लहान बागेच्या ट्रॅक्टरसाठी पहिल्या वर्गाहूनही बारीक पिनांचा एक वर्ग आहे. खालच्या दोन पिनांमधले अंतरही वर्गागणिक बदलते. आमच्याकडचा बहुतेक तयार माल घाटावरच्या मोठ्या ट्रॅक्टरांसाठी घडवलेला. तो स्वस्त मिळतो म्हणून येथे उतरतो. माझ्या लेव्हलरच्या पिना २८ च्या होत्या. ज्याने विकला त्याने ‘घासून देतो’ म्हणून ग्राइंडरवर त्या बारीक करून दिल्या, आणि जेथे पिन मूळ जाडीवरून एकदम बारीक झाली त्या पायरीतच ती तिसऱ्या खाचरात तुटली. लोखंडाला अशी अचानक पायरी सोसत नाही. पिन घासावयाची नसते. ती काढून योग्य जाडीची नवी बसवावयाची असते.

जोडणी साधली तरी खाचर आपले नियम सोडत नाही. भाताच्या खाचरात वीत-दीडवीत खोल, पिढ्यान्‌पिढ्यांच्या चिखलणीने घट्ट झालेला एक तळ असतो आणि पाणी त्या तळावर उभे राहते. तो तळ फोडला की खाचर गळू लागते, आणि वरची काळसर माती एका कोपऱ्यात जाऊन उघडा मुरूम दिसू लागला की पुढची दोन-तीन वर्षे तेथे भात पिवळे पडते. जेसीबीने केलेल्या सपाटीकरणाबद्दल जी तक्रार ऐकू येते ती हीच: शेत टेबलासारखे सपाट झाले, पण पीक गेले. छोट्या ट्रॅक्टरच्या पात्याला एकदम खोल जाण्याची ताकदच नसते, आणि ह्या कामात हा त्याचा दोष नसून गुण आहे. मात्र त्याच्या कामाची मोजदाद आधी करावी. पाच गुंठ्यांच्या खाचराचा अर्धा भाग उरलेल्या अर्ध्याहून दहा सेंटिमीटर उंच असेल, तर साडेबारा घनमीटर माती हलवावी लागते, म्हणजे अष्टमांश घनमीटराच्या शंभर खेपा. काही माती वाटेत सांडते, म्हणून सव्वाशे धराव्यात. हे काम एका दिवसाचे नव्हे, आणि एका हंगामाचेही असू नये. दर वर्षी दोन बोटे माती हलवावी, शेणखत टाकावे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाहावे.

पाहावे कशाने? लेसरच्या साहाय्याने पाते आपोआप वर-खाली होणारे यंत्र उत्तरेकडील सपाट रानांत चालते. आमच्या पायरीपायरीच्या खाचरात ते उभे करावे तोवर शेत संपते. आमची लेसर म्हणजे पहिला मोठा पाऊस. खाचरात पाणी तुंबले की उंचवटे बेटांसारखे डोके काढतात. त्यांवर निरगुडीच्या काटक्या रोवून ठेवाव्यात, चिखलणीच्या वेळी लोखंडी चाके लावून त्या काटक्यांपासून खोलगट भागाकडे पाते पाण्यातूनच ओढत न्यावे, आणि कोपरे फावड्याला सोडावेत. कोपऱ्यासाठी पाते उलटे करून ट्रॅक्टर मागे रेटण्याचा मोह सर्वांनाच होतो. खालचे बाहू ओढण्यासाठी घडवलेले आहेत, रेटण्यासाठी नव्हेत, ते वाकतात. आणि पाते रुतून बसलेच तर टॉपलिंगच्या वरच्या भोकाला साखळी बांधून ते ओढून काढण्याचा प्रयत्न कोणीही, कोणत्याही कारणाने करू नये. ॲक्सलच्या वरून दिलेली ओढ ट्रॅक्टरला मागे उलटवते, आणि फर्ग्युसनने शंभर वर्षांपूर्वी दूर केलेला मृत्यू आपण परत बोलावतो.

कोरड्या कामाला वेळ किती मिळतो हेही गावागणिक बदलते. भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून सुटणारे पाणी राजनाल्याने कर्जत तालुक्यातल्या ज्या गावांना मिळते तेथे उन्हाळी भात होतो, आणि पावसाळी भाताची कापणी ते दुसऱ्या पिकाची लावणी ह्यांच्या मध्ये जेमतेम काही आठवडे जमीन मोकळी असते. जेथे हे पाणी पोहोचत नाही अशा शिवारांना मात्र मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंतचा काळ मोकळा मिळतो. सपाटीकरणाची घाई नसलेला हाच शेतकरी लेव्हलरचा खरा धनी.

ह्या साऱ्या खटाटोपावर मुळातूनच आक्षेप घेणारा एक विचार ह्याच तालुक्यात जन्मला, आणि आढावा प्रामाणिक असेल तर तो टाळता येत नाही. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे ह्यांनी विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्रात नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. एकदाच ट्रॅक्टरने गादीवाफे पाडावयाचे, लोखंडी साच्याने ठराविक अंतरावर भोके पाडून त्यांत बी टोकावयाचे, आणि पुढच्या पिकांसाठी तेच वाफे न मोडता वापरावयाचे. मागच्या पिकाची मुळे जमिनीतच राहू दिल्याने माती सुधारते असा ह्या तंत्राचा आधार आहे. ते पटले तर दरवर्षीच्या चिखलणीच्या पात्याचे प्रयोजनच उरत नाही. उरते ते वाफे पाडण्यापूर्वीचे एकवारचे सपाटीकरण. मला स्वतःला हे तंत्र बांधाच्या वरच्या, निचऱ्याच्या खाचरांत पटते आणि खालच्या, पाणी साचणाऱ्या खाचरांत तितकेसे पटत नाही. पण पाते विकत घेण्याआधी ज्या शेतकऱ्याने एकदा नेरळला जाऊन ते वाफे पाहिले नाहीत त्याने अर्ध्याच माहितीवर खरेदी केली असे मी म्हणेन.

गाळ उपसण्याच्या कामाबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीकाठच्या लोकांनी जो गाळ पाहिला तो ओला असता छोट्या पात्याला हलत नाही, आणि पूर्ण वाळला की फुटत नाही. वरून पापुद्रा धरलेला आणि आतून ओलसर असा मधला आठवडाभर तेवढा कामाचा असतो. आणि जेथे वाटच नाही तेथे कोणतेच पाते पोहोचत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा वर जाण्यास पायवाटेवाचून मार्ग नव्हता, यंत्रे चढवता आली नाहीत, आणि माणसांनी फावड्या-कुदळींनी माती उकरली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसे त्या मातीतच राहिली.

पुढच्या पात्याला न्याय मिळतो अशी एक जागा मात्र आहे, आणि ती शेतकऱ्याची नव्हे. मुंबईकरांच्या फार्महाउसांपुढच्या मुरुमाच्या वाटा पावसाने दरवर्षी धुपतात. तेथे पातळ, हलका, मोकळा थर पसरावयाचा असतो, कातळ कोठे आहे ते दिसत असते, आणि मालकाला वेळेची घाई नसते. हिमाच्या कामाशी ह्याचे साम्य पुष्कळ आहे. पोटाखालून दांडे गेलेले, स्प्रिंगांचे, खाली घसरपट्टीवर अंगठाभर उंच राखलेले पाते त्यांनी खुशाल लावावे.

शेतकऱ्याने मागचा लेव्हलर घ्यावा, पण एकट्याने घेऊ नये. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा असला तरी खातेफोडीने सातबाऱ्यावरची क्षेत्रे लहानच होत गेली आहेत, आणि वर्षातून दहा दिवस लागणारे अवजार उरलेले दिवस आंब्याखाली गंजते. २०१४-१५ पासून चालू असलेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अल्प व अत्यल्प भूधारकांना, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना निम्म्यापर्यंत, इतरांना चाळीस टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, आणि गटाने अवजार बँक काढण्याचीही तरतूद आहे. इर्जिकीने एकमेकांची औते फिरवणाऱ्या गावांना सामायिक लेव्हलर जड जाऊ नये. आमच्या वाडीत सात घरांत एक लेव्हलर आहे, तुटलेल्या पिनेच्या जागी नवी २२ ची बसवलेली. जुनी पिन मी देवळाच्या ओसरीत खिळ्याला अडकवून ठेवली आहे. आपल्यापैकी कोणी पाते घेण्यास निघाला असेल तर ट्रॅक्टर घरी ठेवून गेला तरी चालेल, पण ट्रॅक्टरच्या खालच्या बाहूत बसणारी एक पिन आणि मोजपट्टी खिशात घालून जावे, आणि दुकानदार ‘घासून देतो’ म्हणाला की तेथून उठावे.